क्लच दाबल्यावर जातो का?

जुन्या गाडीतून आवाज यायला लागला की तो कुठून येतोय हे शोधण्याआधी केव्हा येतोय ते बघायचं, असं अण्णांचं मत. अण्णा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत ३० वर्षं पॉवरलूमवर जॉबर होते. शेडमध्ये सगळे माग खडखडत असताना कुठला बिघडायच्या बेतात आहे, हे ते चालता चालता सांगायचे.

आमची आरएक्स १०० आहे १९९४ची. यामाहाची ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ एवढीच बनली, त्यामुळे आता सिग्नलला अनोळखी पोरं किंमत विचारतात. गेला महिनाभर ती न्यूट्रलमध्ये उभी असताना उजव्या बाजूने खळखळत होती, स्टीलच्या डब्यात चमचे हलवल्यासारखी. गॅरेजवाला म्हणाला, क्रँकचं बेअरिंग गेलंय, पूर्ण इंजिन खोलावं लागेल. आई म्हणाली, विकून टाका.

अण्णा अंगणात स्टूल टाकून बसले. “चालू कर. न्यूट्रलच असू दे. आता क्लच दाब. गेला आवाज?”

गेला होता, बराचसा. लिव्हर सोडला की परत आला. तीनदा करून बघितलं. पण माझं निम्मं लक्ष त्यांच्या प्रश्नात अडकलं होतं. गाडीपासून दोन हातांवर बसून ते मला विचारत होते.

क्लचची बास्केट गिअरने थेट क्रँकला जोडलेली असते. इंजिन चालू आहे तोवर ती फिरतेच. लिव्हर सोडलेला असताना प्लेटा आवळलेल्या असतात, त्यामुळे गिअरबॉक्सचा शाफ्टही तिच्याबरोबर ओढला जातो. दाबला की तो मोकळा होतो. म्हणून दाबल्यावर जाणारा आवाज बहुतेक बास्केटचा, नाहीतर त्या शाफ्टच्या बेअरिंगचा. दाबल्यावरच येत असेल तर क्लच ढकलणाऱ्या दांडीकडे बघायचं. क्रँकच्या बेअरिंगला मात्र लिव्हरशी काही देणंघेणं नसतं.

“आता जरा रेस दे.”

खळखळ थांबली. बेअरिंग असतं तर रेसबरोबर घरघर वाढली असती. आयडलिंगला एक सिलिंडरचं इंजिन अडखळत फिरतं, आणि ढिली झालेली बास्केट तेव्हाच मागेपुढे आपटते.

मग अण्णांनी शेडमधली जुनी युक्ती काढली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक उजव्या कव्हरवर, मूठ कानामागच्या हाडावर. डोळे मिटून बराच वेळ बसले. हाडातून आवाज थेट आतल्या कानात जातो. पण मागांच्या खडखडाटाने मार खाल्लाय तो नेमका आतलाच कान. बारीक, उंच आवाज आधी जातात. कुकरची शिट्टी, फोनवरचे माझे स आणि श. काही न बोलता त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मला लख्ख ऐकू आलं, क्लचच्या कव्हरवरच सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी ऑइल काढून आम्ही कव्हर उघडलं. अण्णांनी मागचा मोठा गिअर एका हाताने धरला, दुसऱ्याने बास्केट हलवली. रिव्हेट सैल झाले होते. “हे बघ,” म्हणाले, आणि माझा हात तिथे ठेवला. हाताला त्यांच्या अजून सगळं कळतं.

बास्केट कोल्हापूरहून येतेय. कानाच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची घेतलीय. अण्णा म्हणतात, आधी बास्केट बसू दे.