चितेंजेची ऊब

गेल्या जुलैत आमचे मलावीस जाणे झाले. मुलगी व जावई ब्लँटायरला असतात. आफ्रिका म्हणजे उकाडा, ही आमची समजूत पहिल्याच पहाटे निकालात निघाली. (भूगोल आम्ही कधी शिकविला नाही, हेच समाधान!) तेथील हिवाळ्यात 'चिपेरोनी' नावाची धुकट झिमझिम उतरते, इंदूरच्या थंडीला सरावलेल्या आम्हांसही हुडहुडी भरली.

अशा दिवसांत घरकामास येणाऱ्या बाईंची सून जवळच्या जिल्हा रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची बाळंत झाली. आमच्या सौ. डबा घेऊन निघाल्या, सोबत आम्हीही. आवारात नातेवाइकांसाठी निवारा होता. रुग्णाचे जेवणखाण, धुणे घरच्यांनीच पाहावयाचे. चुलींवर मक्याच्या पिठाची 'न्सिमा' रटरटत होती. आम्ही आज्यांच्या घोळक्यात बसलो. त्यांनी आम्हांलाही 'आगोगो' म्हणून टाकले. आजी-आजोबांना तेथे शब्द एकच.

सौ. बाहेर आल्या त्या गप्पच. मग हळूहळू सांगू लागल्या. बाळ बाराशे ग्रॅमचे. काचपेटी नाहीच. डोक्यावर लोकरी टोपी, कमरेला लंगोट. आईच्या उघड्या छातीवर उभे टेकवून वरून 'चितेंजे' हे छापील सुती वस्त्र घट्ट गुंडाळलेले. दर दोन-तीन तासांनी काढलेले दूध नळीने द्यावयाचे. आई दमली की आजी छातीशी घेते. श्वास अडखळणाऱ्या दुसऱ्या एका बाळाच्या नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडबुडत होते. बुडबुडे थांबले की परिचारिका धावते.

ही 'कांगारू' रीत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून निघाली. पुढे पाच देशांत तिची पारख झाली. ब्लँटायरचे क्वीन एलिझाबेथ रुग्णालय त्यात होते, तसेच दिल्लीचे सफदरजंगही. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक किलो ते १.८ किलोच्या आतील बाळे, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मताच आईच्या छातीशी ठेवली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू शंभरांत सुमारे १६ ऐवजी १२ झाले.

१९९६ साली आमची थोरली आठव्या महिन्यात जन्मली. तीन दिवस काचेपलीकडे होती. हात लावावयाचा नाही, असा त्या रुग्णालयाचा नियम होता आणि मास्तराच्या जातीला नियम मोडवत नाही. चौथ्या दिवशी तिला सौ.च्या हाती दिले, तेव्हा ती थंड पडली होती. घरात त्याविषयी आम्ही बोलत नाही.

त्या रात्री सौ.नी आपली जुनी, मऊ झालेली सुती साडी काढली, फाडून तिचे दोन तुकडे केले, आणि सकाळी डब्यासोबत घेऊन पुन्हा निघाल्या.