धागा कुठे तुटला?

धाकटीला बी.एस्सी.ला आधी कलनशास्त्रात भरघोस गुण पडले. पुढच्या खेपेस बीजगणितात जेमतेम पास. शेजारीपाजारी म्हणाले, "पोरगी बिघडली." मी सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणणारा माणूस. धागा तुटला की कुठे तुटला ते आधी पाहतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. आकडेमोड सगळी बरोबर, 'सिद्ध करा' मात्र कोरे! उत्तर काढणे वेगळे, ते का खरे हे लिहिणे वेगळे. बाबासाहेबांना १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते. १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळाली. गुणपत्रकावरून पोरांना जोखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आता ती रोज रात्री पुस्तक मिटून एक सिद्धता लिहिते आणि मला, सातवी पासाला, समजावते. मी अडलो की तीही थांबते, पुन्हा पहिल्या ओळीपासून सांगते.