दाण्याएवढी ओळख

परवा संध्याकाळी टावर चौकात घड्याळाखाली एका गृहस्थाने वाकून नमस्कार केला. ओळख पटेना. त्याने नाव सांगितले, तेव्हा कुठे शेवटच्या बाकावरचा तो अबोल मुलगा आठवला. आता तो मत्स्यबीज केंद्रात नोकरीस आहे. चहा घेता घेता त्याने खिशातून काचेची एक इवलीशी नळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठी.

"सर, ही माशाची ओळख."

जाड सुईने ती माशाच्या पोटात बसवतात. आत बॅटरी नसते. वाचक-यंत्र जवळ नेले की त्याच्याच लहरींनी ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. मग कोणत्या मादीने केव्हा अंडी दिली, कोणाचे वजन किती वाढले, हे सारे नोंदता येते. अमेरिकेतील कोलंबिया नदीत १९८७ पासून सामन माशांना अशा नळ्या बसवीत आले आहेत. धरणांवरील यंत्रे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद घेतात.

"एवढा खटाटोप कशाला रे?" मी विचारले.

त्याने लोणावळ्याची हकीकत सांगितली. तेथील टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीर माशाची असंख्य पिले वाढविली गेली; दुर्मिळ होत चाललेल्या माशाला जीवदान मिळाले. त्यांतील काही पिले कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण ती पाहुणी पिले फोफावली आणि इतर कारणांच्या जोडीने कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर हटत गेला. २०१८ साली जगाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला.

"आपल्या नर्मदेचा महाशीर २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे, सर. नुसती पिले सोडून भागत नाही. पुढे त्यांचे काय झाले, ते पाहावे लागते."

दुसऱ्या दिवशी शाळेत जुने दाखल-खारिज रजिस्टर काढले. त्याचा क्रमांक सापडला. समोर, तेव्हा वर्गशिक्षक असलेल्या माझ्याच अक्षरात, शेरा होता : 'सतत गैरहजर. नाव कमी केले.' तो कुठे गेला, हे मी कधी विचारले नव्हते. पुढे कोणत्या शाळेतून शिकला, कोणाच्या आधाराने शिकला, ठाऊक नाही. चौकात त्याने याविषयी अवाक्षरही काढले नाही.

त्याच पानावर तसाच शेरा असलेली आणखी चार नावे होती. ती मी एका कागदावर उतरवून घेतली आहेत. रविवारी त्यांच्या जुन्या पत्त्यांवर जाऊन यावे म्हणतो.