रागाची एक घटका

आम्ही निघोजे गावात राहायला आलो तेव्हा इंद्रायणीकाठी शेते होती. आता तिथे भाड्याच्या खोल्या आहेत. भांडणे तेव्हाही होत. एकदा पाण्याच्या नंबरावरून शेजाऱ्यांशी आमची मारामारी झाली, काठ्या निघाल्या. पण म्हातारी माणसे मध्ये पडली, उगारलेला हात कुणीतरी धरला. पुढे दोन्ही घरे एकाच पंगतीत जेवली.

परवा आमच्या धाकट्याने मोबाईलवर फोटो दाखवला. त्याच्या वर्गातला जुना मित्र, कमरेला गावठी कट्टा. "आता याच्या वाटेला कुणी जात नाही," तो कौतुकाने म्हणाला. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

काठी मारायला जवळ जावे लागते, वेळ लागतो. तेवढ्यात राग उतरतो. कट्ट्याला एक बोट पुरते. शिवाय एकाच्या कमरेला कट्टा दिसला की भीतीने दुसराही शोधतो. मग भंगाराच्या ठेक्याचा वाद असो की गाडीचा धक्का, निकाल गोळीवर जातो.

'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजाप्रमाणे भारतात सामान्य लोकांकडे सुमारे सात कोटी बंदुका होत्या. नोंदणी झालेल्या एक कोटीही नव्हत्या. चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या उमर्टी गावी पुणे पोलिसांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये छापा घालून कट्टे बनवण्याच्या भट्ट्या मोडल्या. चांगले झाले. पण पोरांची हौस मोडली नाही, तर भट्टी दुसरीकडे पेटेल.

आम्ही मुलाला समोर बसवले. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आहे. विनापरवाना बंदूक नुसती बाळगली तरी दोन ते पाच वर्षे कैद आणि दंड. 'मित्राने ठेवायला दिली होती' म्हणून सुटका होत नाही. पोलीस पडताळणीत गुन्हा निघाला की कंपनीचे गेटही बंद.

तो गप्प बसला. सकाळी म्हणाला, "मग त्याला कोण सांगणार?"

रविवारी आम्ही त्या पोराच्या घरी गेलो. त्याची आई दारातच रडू लागली. तिला सारे माहीत होते. बोलायला माणूस नव्हते.

बंधू-भगिनींनो, आपल्या लेकराच्या मोबाईलमध्ये असा फोटो दिसला तर गप्प बसू नका. दुसऱ्याच्या लेकराचा असला तरीही त्या घरी जा. काठी धरणारे हात पूर्वी वस्तीतलेच होते.