आमच्या मोटारीचे बोलणे

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, हे काही मंडळींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु जुन्या मोटारीचा विषय मुळात भाषेचाच आहे, अशी माझी समजूत आहे. व्याकरणात आम्ही अभ्यस्त शब्द शिकवतो. टकटक, खडखड, किरकिर, फटफट हे त्यांतले अनुकरणवाचक. वर्गात ते ऐकून मुले जांभया देतात. हेच शब्द गॅरेजात उच्चारून पाहा; प्रत्येकाला तेथे वेगळा अर्थ आहे आणि वेगळा दरही आहे!

आमची मोटार म्हणजे पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सी. सी. इंजिनाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगशेजारी असलेली. वडिलांनी ती १९८९ साली घेतली. नव्या पद्मिनी निघायच्या केव्हाच थांबल्या. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तर मुंबईच्या टॅक्सींतूनही तिचे नाव गेले. आमची मात्र दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेते आणि पुण्यात हिंडते. हिंडताना बोलते. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, मी कोपऱ्यावरून वळलो की त्या चहाचे आधण ठेवतात.

आमचे मिस्त्री हे माझ्या पाहण्यातले उत्तम शब्दार्थतज्ज्ञ आहेत. "सर, टिकटिक की टकटक?" हा त्यांचा पहिला प्रश्न. टिकटिक असेल तर टॅपेट. आठ व्हॉल्व्हच्या डोक्यांवर केसाच्या दोन-तीन पट एवढीच फट असावी लागते. ती वाढली की शिवणयंत्रासारखा आवाज येतो. फीलर गेज नावाच्या पातळ पात्यांनी फट मोजायची आणि स्क्रू पिळायचा. काम तासाभराचे, खर्च हॉटेलात चौघांनी डोसा खाण्याइतका.

सकाळी मोटार सुरू करताच किंचाळत असेल तर फॅनबेल्ट. त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. आवाज बदलला तर चोर सापडला. बेल्ट ताणून घ्यावा, चिरा पडल्या असतील तर नवा घालावा. साबण चोळणारेही लोक आहेत. त्यांची मोटार दोन दिवस गप्प बसते आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट ओरडते. फटफट असेल तर सायलेन्सरच्या नळीला भोक. आमच्या एका शेजाऱ्यांनी तेथे दुधाच्या भुकटीचा डबा कापून तारेने आवळला होता आणि त्यावर वर्ष काढले. मोटार उभी असताना सारे अंग थरथरते आणि वेग घेतला की शांत होते, असे असेल तर इंजिनाखालची रबरे गेली. हे सारे गरिबाला परवडणारे रोग. आणि या सर्वांच्या आधी तेलाची पट्टी ओढून पाहावी. निम्मे आवाज केवळ तेल कमी झाल्याचे असतात, असे मिस्त्री म्हणतात. एवढे साधे काम सुशिक्षित माणसाच्या हातून का होत नाही, हे कोडे त्यांना उलगडलेले नाही.

स्वस्त उपायांची दुसरीही एक जात आहे. कुरकुरणाऱ्या गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा कालवणे, झिजलेल्या इंजिनात काकवीसारखे दाट तेल ओतणे. यांनी आवाज जातो, रोग जात नाही. जुन्या मोटारींच्या बाजारात या विद्येला मोठा मान आहे.

गेल्या पावसाळ्यात मोटार विकावी असे आमच्या घरात ठरू लागले. वडील ऐंशीच्या घरात, पार्किंगची जागा अपुरी. एका मध्यस्थाने गिऱ्हाईक आणले. साताऱ्याकडचे तरुण जोडपे, बाईंच्या कडेवर वर्षाचे मूल. मोटार त्यांना पाहताक्षणी आवडली; दिवाळीआधी न्यायची म्हणाले. त्याच आठवड्यात तिने नवा शब्द काढला. चढावर, इंजिनावर भार पडला की आतून धप् धप्. तो शब्द माझ्या व्याकरणात होता, पण मिस्त्रींचा चेहरा उतरलेला मी प्रथमच पाहिला.

मध्यस्थ म्हणाला, "सर, एवढं काय त्यात? दाट तेल टाका, एक औषधाची बाटली ओता. महिनाभर हूं की चूं करणार नाही. पुढचं ते बघतील." हिशोब चोख होता. हजार रुपयांत मोटार गप्प आणि पैसे खिशात.

सौभाग्यवती आत पोळ्या लाटत होत्या. तेथूनच त्या म्हणाल्या, "अहो, त्यांना घरी जाताना खंबाटकीचा घाट लागतो ना?"

वडिलांना हल्ली दाराची घंटा ऐकू येत नाही. त्यांनी काठी टेकीत खाली येऊन मोटार सुरू करायला लावली आणि बॉनेटवर तळहात ठेवला. पुष्कळ वेळ ठेवला. "बेअरिंग आहे," ते म्हणाले. "हिला गप्प करून कोणाच्या गळ्यात बांधू नकोस."

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली. चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढायची. तो सिलिंडर मुका होतो, आणि दोष त्याच्याच दांड्यात असेल तर ठोकाही मंदावतो. एक, दोन, तीन... काही फरक नाही. चौथी वायर काढली आणि धप् धप् विरले. क्रँक आणि दांडा यांच्यामधल्या धातूच्या वाट्या झिजल्या होत्या. फट वाढली की तेलाचा पापुद्रा टिकत नाही, धातूवर धातू आपटतो. दाट तेल ती फट काही दिवस भरून काढते. मग एखाद्या चढावर दांडा तुटतो आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो.

तेलाचे पात्र उतरवून पाहिले तेव्हा क्रँकवर ओरखडा नव्हता. "आठ-पंधरा दिवसांत आणलीत म्हणून," मिस्त्री म्हणाले, "नाहीतर क्रँक घासायला पाठवायचा, म्हणजे सारं इंजिन उतरवायचं." नव्या वाट्या जुन्या बाजारात तीन चकरा मारल्यावर मिळाल्या. नवा फ्रिज पुढच्या वर्षावर गेला. जोडप्याला मी सारे काही फोनवर सांगितले, चौथ्या सिलिंडरसकट. नवरा जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दिवाळीनंतर येतो, मिस्त्रींना भेटूनच ठरवू." मध्यस्थाने माझा फोन घेणे सोडले आहे.

परवा मोटार घरी आली. सौभाग्यवती कान देऊन उभ्या राहिल्या.

"अहो, ती टिकटिक राहिलीच की!"

"मिस्त्रींनी मुद्दाम ठेवली आहे. टॅपेट अगदी मुके केले, तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीत आणि जळतात."

त्या मागे बसल्या, वडिलांना पुढे बसवले, आणि उटणे व पणत्या घ्यायच्या आहेत तेव्हा मंडईवरून घ्या म्हणाल्या.