धातूही भिजवतो म्हणे!

दिवाळीला नातू नागपूरहून आला होता. धातुशास्त्र शिकतो. जेवताना म्हणाला, "आजी, आमचं ॲल्युमिनियम कार्बाइडला भिजवतच नाही!" मी पडले बी.ए. झालेली मास्तरीण. भिजवायला पाणी लागतं, एवढंच मला ठाऊक.

मग त्यानं समजावलं. ॲल्युमिनियम हलकं, पण झिजतं लवकर. म्हणून त्याच्या रसात सिलिकॉन कार्बाइडची कठीण पूड घालतात. पण ६६० अंशांना वितळलेल्या त्या रसावरही ऑक्साइडची साय धरते. रस कणांवर पसरत नाही, अळवावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन बसतो. भिजलं नाही की पकड नाही, आणि घासलं की कण सुटून येतात.

मला एकदम कल्हईवाला आठवला. १९९९ पर्यंत आमचं गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं, आणि भंडारा म्हणजे पितळ. आईची सगळी भांडी तिथलीच. कल्हई उडाली की ताक कळकायचं. मग दारात भाता लागायचा. भांडं तापलं की तो नवसागर टाकायचा, भस्सकन पांढरा धूर! कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा फिरवला की आत चांदीसारखा लख्ख थर. कथील २३२ अंशांनाच वितळतं, पण नवसागरानं मळ काढल्याशिवाय ते पितळेवर पसरत नाही, नुसतं थेंब होऊन लोळतं. आणि पसरलं की वरवर चिकटत नाही, तांब्याशी मिळून मधे एक पातळ संयुगच तयार होतं.

"म्हणजे तुमचा नवसागर कोणता?" मी विचारलं. "थोडं मॅग्नेशियम," तो हसला. शिवाय पूड आधी हवेत तापवून घेतात, म्हणजे कणांवर सिलिकाची साल येते. पण खरी गंमत पुढेच. भिजावं म्हणून उष्णता वाढवली, रस फार वेळ ठेवला, तर दोघांच्या मधे ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ, आणि पाणी लागलं की विरघटतं. ते टाळायला रसात आधीच सिलिकॉन घालतात. न भिजलं तरी पंचाईत, अति मिसळलं तरी पंचाईत!

आणखी एक. आपल्या राईस मिलच्या तुसात सिलिका भरपूर असते. तुसापासून सिलिकॉन कार्बाइड बनवल्याचं अमेरिकेत १९७५ सालीच छापून आलं होतं. आमच्याकडे तूस जातं बॉयलरमध्ये.

मला विचाराल तर धातुशास्त्राचा पहिला तास कल्हईवाल्यानंच घ्यावा. पण स्टील आलं आणि तो आमच्या गल्लीत फिरकेनासा झाला. नातवानं माळ्यावरून आईचं पातेलं काढलं, आतला उडालेला थर नखानं खरवडून बघितला आणि विचारलं, "आजी, नवसागर कुठं मिळेल गं?"