चढता आलेख

माझ्या एम.फिल.च्या प्रबंधात एक आलेख आहे. घाटकोपर पश्चिमेच्या असल्फा डोंगरावरच्या वस्तीत लोकांचं सामाजिक स्वास्थ्य 2016 च्या जुलैपासून सप्टेंबर अखेरपर्यंत कसं वाढलं, हे तो दाखवतो. मधल्या काळात तिथे बायकांचा एक वाचनगट सुरू झाला होता. आलेखाखाली मी ठणकावून लिहिलं होतं की अशा गटांमुळे माणसं वस्तीशी जोडली जातात आणि त्यांना बरं वाटू लागतं. चर्चासत्रात तो पडद्यावर आला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. जुलै आणि सप्टेंबरच्या मध्ये मुंबईत आणखी काय असतं, हे कुणीही विचारलं नाही. त्यातले निम्मे नुकतेच गणपतीची रजा संपवून आलेले होते, आणि मीही.

असल्फ्याला जुलै म्हणजे दरडीचा महिना. 12 जुलै 2000 ला घाटकोपरच्याच आझाद नगरात डोंगर खचला आणि साठहून अधिक माणसं गेली. पाच वर्षांनी, 26 जुलैच्या पावसात, साकीनाक्याला पुन्हा तेच. पावसाळ्याच्या तोंडावर घरं रिकामी करण्याच्या नोटिसा लागतात; जायला जागा नसते म्हणून लोक तिथेच राहतात आणि रात्री आळीपाळीने जागतात. अशा महिन्यात मी हातात जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची प्रश्नावली घेऊन दारोदार फिरत होते. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरजेला चारने गुणायचं, की शंभरपैकी आकडा मिळतो. रात्रभर मागच्या भिंतीतून झिरपणारं पाणी बादलीत धरून बसलेली बाई माझ्याकडे बघत राहिली. मी शून्य लिहिलं आणि पुढच्या दारात गेले.

दुसरी फेरी अनंत चतुर्दशीनंतरची. म्हणजे 'गेले दोन आठवडे' या शब्दांत अख्खा गणेशोत्सव बसलेला. आरत्या, पाहुणे, मंडळाचा महाप्रसाद, पाऊस ओसरलेला. आकडा वर गेला नसता तरच नवल. वाचनगटात तर मी भेटलेल्या बायकांपैकी मोजक्याच जात होत्या. पण मला कारण हवं होतं आणि ते गटाच्या रूपाने हाताशी होतं.

याच फेरीत आणखी एक गोष्ट झाली, जी मला त्या वेळी अडचण वाटली आणि आता पुरावा वाटते. बरीच दारं कुलूपबंद होती. कोकणातली कुटुंबं गणपतीला गावी गेलेली. काहीजण पंधरवडा उलटला तरी परतले नव्हते, भातकापणी आटोपूनच यायचे. प्रबंधाची तारीख जवळ आलेली. मग कुलूप दिसलं की शेजारचं दार वाजवायचं, असा नियम मीच केला. ज्यांचं अर्धं मन आणि अर्धी मिळकत गावाकडे, 'आपलं माणूस' म्हणजे कोण याचं उत्तर ज्यांच्याकडे सगळ्यांत गुंतागुंतीचं, तीच माणसं माझ्या दुसऱ्या फेरीतून गळाली. पहिल्या फेरीतली आणि दुसऱ्या फेरीतली माणसं वेगळी असताना मी दोन्ही आकडे एका रेषेने जोडले.

असल्फाच का निवडला, तेही सांगायला हवं. गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व प्रभाग 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्यांत तळाला आला. 2011 पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने तिथे प्रभागभर काम हाती घेतलं. त्यानंतर बऱ्याच संशोधकांची पावलं तिकडे वळली. मला कुणी न तुडवलेली जागा हवी होती. हेतू अभ्यासाचा कमी, मिरवण्याचा जास्त. मेट्रो येऊन दोन वर्षं झाली होती; अंधेरीहून गाडीत बसलं की असल्फ्याची घरं खिडकीतून दिसायची. पुढे 2018 च्या सुरुवातीला त्यांतल्या कित्येक भिंती रंगवल्या गेल्या आणि लोक फोटो काढायला येऊ लागले. माझंही सगळं बघणं त्या खिडकीतूनच चाललेलं होतं, फक्त मी स्टेशनवर उतरत होते एवढंच.

पण खरी मोठी चूक यादीची. घरं निवडायला काहीतरी यादी लागते. वस्तीच्या कमिटीकडे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या जुन्या हालचालींतली एक यादी होती, कोण पात्र, कोण अपात्र. योजना कागदावरच राहिली होती, पण यादी जपून ठेवलेली. फोटोपासवाले, 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा असलेले, त्यांची नावं अनुक्रमांकासह. मला आयतं सापडलं. त्यातून प्रत्येक ठरावीक अंतरावरचं घर घेतलं आणि 'यादृच्छिक नमुना' असं लिहून मोकळी झाले.

त्या यादीत भाडेकरू नव्हते. पोटमाळ्यावर राहणारे नव्हते. असल्फ्यात खालची खोली मालकाची आणि वरची भाड्याची, हे सर्रास. बाहेरून जवळजवळ उभी लोखंडी शिडी, वर एक दार. तिथे जरीकाम करणारे पोरगे, रुग्णालयात आयाचं काम करणारी बाई, नुकतं लग्न झालेलं जोडपं. अकरा महिन्यांचा करार, तोही बहुतेक तोंडी. रेशन कार्ड गावचं, मत गावचं. माझ्या प्रश्नावलीत एक शिडी होती. हॅडली कँट्रिलने 1965 मध्ये रूढ केलेली, शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची, तुम्ही आयुष्यात कुठल्या पायरीवर उभे आहात असं विचारणारी. ते चित्र मी खालच्या खोलीतल्या मालकीणबाईंपुढे धरत होते आणि माझ्या डोक्यावरून कुणीतरी खरी शिडी चढून जात होतं. एकदा तर वरून उतरणाऱ्या बाईला मी बाजूला होऊन वाट दिली. तिला काही विचारावं असं सुचलंही नाही. ती यादीत नव्हती.

समावेशाचा अभ्यास, आणि नमुना आधीच समाविष्ट असलेल्यांचा. हे माझ्या लक्षात आलं ते कुठल्या पुस्तकातून नाही. कोरी कीजचा 1998 चा सामाजिक स्वास्थ्यावरचा निबंध मला जवळजवळ पाठ होता. त्यातले पाचही घटक, समाजाशी जोडलेपणापासून आपण समाजाला काही देतो या भावनेपर्यंत, मी झोपेत सांगितले असते. लक्षात आलं ते प्रबंध जमा केल्यावर, चहाच्या टपरीवर. मी सहभाग मोजायला 'मंडळाला वर्गणी देता का' असा प्रश्न ठेवला होता, हे तिथल्या एका जरीकामगाराला कौतुकाने सांगितलं. तो हसला. "पावती तर आम्हालाही देतात मॅडम. मीटिंगला घरमालकाला बोलावतात."

संमतीपत्रांचंही तेच. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे मी प्रत्येकाकडून सही घेत होते. त्या काळात पुनर्विकासाला 70 टक्के झोपडीधारकांची संमती लागायची आणि बिल्डरची माणसं अशीच कागद घेऊन दारात यायची. काहींनी माझ्या तोंडावर दार लावलं. त्यांना मी 'सामाजिक कार्याबाबत उदासीन' या रकान्यात टाकलं. काहींनी मात्र लगबगीने सही केली आणि वर विचारलं, नाव यादीत येईल ना? मी म्हटलं, हा तो सर्व्हे नाही. मग त्यांची उत्तरं एकदम तुटक झाली. प्रबंधात त्याचा उल्लेख नाही.

मार्गदर्शकांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, 'अभ्यासाच्या मर्यादा' या प्रकरणात दोन ओळी घाल. घातल्या. नमुना लहान होता, कालावधी मर्यादित होता. सगळ्या प्रबंधांत असतं तेच. हे प्रकरण कुणी काढलं देव जाणे. गंगेत एक बुडी मारावी आणि निघावं, तशी सोय आहे.

नंतर मी एका उपनगरी महाविद्यालयात शिकवायला लागले आणि ठरवलं की हा भाग नीट करायचा. यादी नको, कमिटी नको. संध्याकाळी, कामावरून लोक परतल्यावर जायचं, शिडी चढायची. चढले. वरची माणसं बोलली, खालच्यांपेक्षा कितीतरी मोकळी. फॉर्मवर नाव नव्हतं, पण घर क्रमांक होता, कारण पुन्हा भेटायला यायचं तर खोली सापडायला हवी. मालक मंडळींनी ते पाहिलं. त्यांच्या दृष्टीने सरळ हिशेब होता: वर भाडेकरू राहतो याची कुठेही नोंद झाली, तर उद्या पात्रता ठरवताना भानगड. एका बाईला खोली रिकामी करायला सांगितली. कारण मला कुणी दिलं नाही. तिला दिलं होतं. तिनेच फोनवर सांगितलं, रागावून नाही, एखाद्या पत्त्यातला बदल कळवावा तसं. ती आता मुलुंडकडे कुठेतरी राहते, असं म्हणाली आणि कुठे ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी मालकाकडे गेले. ते चिडले नव्हते. म्हणाले, "ताई, तुमचा अभ्यास झाला की तुम्ही जाल. मला हीच एक खोली आहे." त्यांची खोली तेव्हाच्या नियमाने पात्र ठरली तर 269 चौरस फुटांचं घर मिळणार होतं, आणि वरच्या मजल्याचं भाडं बंद होणार होतं. त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं.

घरी येऊन सगळ्या फॉर्मवरचे क्रमांक काळ्या पेनने खोडले. त्यामुळे दुसऱ्या फेरीला कुणाकडे जायचं हे कळायला मार्ग उरला नाही आणि तो अभ्यास पहिल्या फेरीवरच थांबला. या जुलैत एक विद्यार्थिनी असल्फ्यावरच विषय घ्यायचा म्हणते. घरांची यादी कुठून मिळेल, असं तिने पहिल्याच भेटीत विचारलं. मी तिला आधी महिना बदलायला सांगितलंय. यादीचं अजून बोललेले नाही.